लॅपटॉप ९५ डिग्रीला जातोय, अकोल्याच्या उन्हाळ्यात हे नॉर्मल आहे का?

अकोलेकर_लेखा

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. माझा लॅपटॉप चार वर्षं जुना आहे, कोअर आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, गेमिंगवाला नाही, साधाच. घरून अकाउंट्सची कामं करतो म्हणजे दिवसभर टॅली, एक्सेल आणि क्रोमचे दहा-पंधरा टॅब, बाकी काही नाही. मार्चपर्यंत काही त्रास नव्हता पण एप्रिल लागला तसा फॅन जो सुरू होतो तो बंदच होत नाही आणि कीबोर्डच्या वरची जी पट्टी आहे ना, तिथे बोट ठेववत नाही. दुपारी २ ते ५ तर एक्सेल इतकं रखडतं की एंटर दाबायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग कुठे कर्सर पुढच्या सेलमध्ये जातो.

एचडब्ल्यूमॉनिटर (आतलं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं. काहीच चालू नसताना ६५-६८, मोठी शीट उघडली की ९५ ते ९८. दुकानात दाखवलं तर न उघडताच म्हणाले मदरबोर्ड जाणार आहे, नवीन घ्या. बहिणीकडे पुण्यात हाच मॉडेल आहे, एकाच वेळी घेतलेले, तिचा ८० च्या वर जात नाही म्हणते. मग माझाच पीस खराब निघाला का? रिटर्न भरायचे दिवस येतायत, आत्ता नवीन घेणं खरंच परवडणार नाही.

नागपूर_रिपेअर

भाऊ, घाबरू नका, न उघडता मदरबोर्ड गेला असं कोणालाच सांगता येत नाही. दुपारी तुमच्या खोलीचं तापमान किती असतं ते आधी सांगा. अकोल्यात बाहेर ४४-४५ असताना खोलीत ४० तरी धरा, आणि पुण्यात ताईंच्या खोलीत २९-३० असेल. लॅपटॉपचा फॅन काही हवा गार करत नाही, खोलीतली हवा आत ओढतो आणि प्रोसेसरच्या चिपची उष्णता तिच्यावर घालून बाहेर टाकतो, एवढंच त्याचं काम. म्हणजे चिप नेहमी खोलीच्या वर अमुक इतके अंश असते. ताईंचा लोडवर ८० म्हणजे खोलीच्या ५० वर, तुमचा ९७ म्हणजे ५७ वर. फरक १७ चा दिसतो पण त्यातले दहा तर अकोल्याच्या उन्हाचेच आहेत, लॅपटॉपचा दोष सात-आठ अंशांचाच. बऱ्याच कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा असं लिहितात, ॲपल मॅकबुकसाठी १० ते ३५ असं स्पष्ट सांगते. आपल्या विदर्भात दोन-अडीच महिने आपण त्या मर्यादेच्या बाहेरच काम करत असतो.

आता एक्सेल रखडतं त्याचं कारण. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास असते, तिथे पोचायला लागला की तो जळू नये म्हणून स्वतःच स्पीड कमी करतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे तुमचा लॅपटॉप बिघडलेला नाही, स्वतःला सांभाळतोय. पण रोज तीन-तीन तास असंच चालू राहणं चांगलं नाही.

ते जे सात-आठ अंश आहेत ते माझ्या मते धुळीचे. चार वर्षांत एकदाही उघडला नसेल तर फॅन आणि त्याच्यासमोरची बारीक जाळी यांच्या मध्ये धुळीचा थर बसलेला असतो, बाहेरून अजिबात दिसत नाही. बाहेरून ब्लोअर मारला तर तो थर सुटून परत फॅनमध्ये जातो, म्हणून खालचं कव्हर काढून, फॅनची पाती बोटाने धरून मगच साफ करायचं, पाती गरगर फिरू द्यायची नाहीत. त्याचवेळी थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता पुढे जावी म्हणून तिच्यावर लावलेला लेप, बदलून घ्या, चार वर्षांत ती वाळून कडक होते. न उघडता निदान करणाऱ्या दुकानात मात्र देऊ नका. आणि कूलर लॅपटॉपच्या तोंडावर लावू नका, ताट्यांचं गवत आणि पाण्याचे थेंब दोन्ही आत जातात. खालून बर्फाची पिशवी लावणारे पण येतात माझ्याकडे, त्याने आत पाणी धरतं, ते तर कधीच करू नका.

ठाणेकर_मानसी

मशीनबद्दल वरच्या दादांनी सांगितलंच आहे, मी फक्त एवढंच विचारते की तुम्ही मांडीवर घेऊन तर काम करत नाही ना? २०२० मध्ये वर्क फ्रॉम होमला मी सात-आठ महिने पलंगावर बसून डाव्या मांडीवर लॅपटॉप ठेवून काम केलं, चटका असा कधी बसला नाही, नुसतं ऊबदार वाटायचं, आणि एक दिवस आंघोळीच्या वेळी बघते तर मांडीवर तपकिरी जाळी उमटलेली, मासे पकडायच्या जाळ्यासारखी. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी लॅपटॉप का म्हणून विचारलं. याला एरिथिमा अब इग्ने म्हणतात, पूर्वी शेगडीजवळ बसणाऱ्यांना आणि काश्मीरमध्ये कांगडी पोटाशी धरणाऱ्यांना व्हायचं तेच. ४५ अंशांच्या आसपासची ऊब सुद्धा रोज तासन्‌तास एकाच जागी लागली तर पुरते. माझे डाग जायला वर्ष लागलं. शिवाय गादीवर ठेवला की खालच्या हवेच्या फटी बंद होतात आणि अजून तापतो. कृपा करून टेबलावरच ठेवा.

कोड_आणि_चहा

साफ होईपर्यंत एक करून बघा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड, तिथे प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० असतं ते ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल पण त्याने टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरचं मध्येच नेहमीपेक्षा जास्त स्पीडने पळणं, बंद होतं, टॅली-एक्सेलला तसाही फारसा फरक पडत नाही आणि तापमान चांगलंच उतरतं. काही लॅपटॉपवर हा ऑप्शन लपवलेला असतो, मिळाला नाही तर सांगा. मागच्या दोन पायांखाली बाटलीची झाकणं ठेवून तो तिरका करा, खालून हवा जायला जागा होते. कूलिंग पॅडवर इतक्यात पैसे घालवू नका.

अकोलेकर_लेखा

सगळ्यांचे मनापासून आभार. मांडीवर नाही पण रात्री गादीवर ठेवायचो, मानसीताई, ते त्याच दिवशी बंद केलं. ९९ केलं आणि झाकणं लावली तर ९७ चा ८८ झाला. मग ओळखीच्या एका मुलाकडून समोर बसून उघडून घेतला. फॅन काढल्यावर जाळीवरून त्याने चिमट्याने एक पट्टी ओढली, करंगळीएवढी लांब, राखाडी, अगदी गोधडीतल्या कापसासारखी घट्ट दाबलेली, अख्खी एका तुकड्यात निघाली, मला खरंच वाटेना की हे माझ्या लॅपटॉपमधून आलं. पेस्ट पण बदलली. काल दुपारी खोलीत थर्मामीटर ४० दाखवत होता आणि तीच शीट उघडल्यावर ८१.

एक विचारायचं राहिलं. तो म्हणाला बॅटरी थोडी फुगल्यासारखी वाटते, अजून वर्षभर चालेल. महिनाभरापासून टचपॅडचं डावं बटण दाबलं जात नव्हतं, त्याचा काही संबंध असेल का?

नागपूर_रिपेअर

आहे, आणि वर्षभर नाही, एक दिवससुद्धा चालवू नका. टचपॅडच्या खालीच बॅटरी असते, ती फुगून खालून दाबतेय म्हणून बटण दबत नाही. उष्णता आणि दिवसभर १०० टक्के चार्जवर लावून ठेवणं, दोन्ही एकत्र आलं की लिथियम बॅटरीचं असं होतं. आत्ता बंद करा, चार्जर काढा, त्याच मुलाला बोलावून बॅटरी बाहेर काढायला सांगा. टोचायची नाही, दाबायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या अडॅप्टरवर चालतात, पण तुमच्याकडे लाइट जाते तेव्हा टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर रोज घेत चला. नवीन टाकल्यावर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती चालू करा.

अकोलेकर_लेखा

बंद केला, मोबाइलवरून लिहितोय. तो संध्याकाळी ६ ला येतो म्हणालाय. बहिणीला पण फोन करून तिचं टचपॅड बघायला सांगितलं.