विद्यापीठ आणि कंपनी मिळून तयार करत असलेल्या ऑनलाइन पाठांना शाळेने संमती द्यावी का?

गुहागरचे पालक
नमस्कार. गुहागर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी सदस्य आहे. एका विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आणि एक खासगी कंपनी मिळून सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानाचे ऑनलाइन पाठ तयार करत असून, प्रायोगिक टप्प्यासाठी त्यांना आमची शाळा हवी आहे. दोन वर्षे सारे मोफत, टॅबही तेच देणार. विद्यापीठाचे नाव पाहून बहुतेक सदस्य राजी झाले आहेत. परंतु दोन वर्षांनंतर काय, याचा कराराच्या मसुद्यात उल्लेखच नाही. आपण काय विचाराल?

निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी
विद्यापीठाच्या नावावरून फार तर पाठांतील आशयाची खात्री बाळगता येते, व्यवहाराची नव्हे. अशा करारांत पाठ प्राध्यापक लिहितात, पण ॲप, सर्व्हर आणि मुलांची खाती बहुधा कंपनीच्या हाती राहतात, त्यामुळे भागीदारी संपली की विद्यापीठाने लिहिलेले पाठही शाळेला उघडता येत नाहीत. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अमेरिकेतील एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून राबवलेला ‘क्लिक्स’ हा उपक्रम पाहावा. छत्तीसगढ, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणातील सरकारी माध्यमिक शाळांत तो चालला, साहित्य मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही मोफत वापरता येईल असे, दिले गेले आणि त्याला युनेस्कोचा २०१७ चा पुरस्कारही मिळाला. अर्थात तेथे पैसा धर्मादाय संस्थेचा होता, विक्रेत्याचा नव्हता, आणि हा फरक लहान नाही. म्हणून पाठांचा मालक कोण आणि ते कोणत्या परवान्याखाली मिळणार, हे लेखी घ्यावे.

वकील आणि पालक, कणकवली
सरांच्या मुद्द्याला जोडून मुलांच्या माहितीविषयी लिहितो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक असून, तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग ठेवणे, म्हणजे ती ॲपवर काय करतात याची सतत नोंद घेणे, आणि त्यांना उद्देशून जाहिराती करणे यांना मनाई आहे. मात्र नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी शैक्षणिक कामापुरती माग ठेवण्याची सवलत शैक्षणिक संस्थांना दिली आहे, आणि खरी मेख येथेच आहे. शाळेला मिळालेली सवलत शाळेच्या नावाखाली कंपनी वापरणार नाही ना, हे मसुदा वाचताना पाहावे. मुख्याध्यापकांची एक सही म्हणजे सर्व पालकांची संमती नव्हे.

विज्ञान शिक्षिका, राजापूर
कायदा एकीकडे, आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात, आणि नेमका तोच काळ पहिल्या सत्राचा असतो. त्यामुळे पाठ शाळेतील संगणकावर उतरवून इंटरनेटशिवाय चालतात का, हा माझा पहिला प्रश्न असेल. हे अशक्य नाही: अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाचा धडा मी त्यांवरच घेते. दुसरे असे की राज्याची पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली. सहावी-सातवीची पुस्तके बदलल्यावर पाठ कोण सुधारणार? विद्यापीठाचे प्राध्यापक तोवर दुसऱ्या प्रकल्पावर गेलेले असतील.

गुहागरचे पालक
सर्वांचे आभार. बाईंचा शेवटचा प्रश्न आमच्या बैठकीत कोणालाच सुचला नव्हता. एक शंका उरते: आम्ही इतक्या अटी घातल्या तर ते दुसरी शाळा निवडणार नाहीत का?

वकील आणि पालक, कणकवली
निवडू शकतात. मात्र प्रायोगिक टप्प्यात शाळेला त्यांची जितकी गरज असते, त्याहून अधिक त्यांना शाळेची असते, कारण वर्गातील वापराच्या अनुभवाखेरीज हे पाठ पुढे कोणाला दाखवता येत नाहीत. तेव्हा अटी विद्यापीठाच्या विभागाकडे लेखी पाठवाव्यात, कंपनीच्या प्रतिनिधीकडे तोंडी नव्हे. शिक्षण हक्क कायद्यानुसार आपल्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे ठराव त्यांच्या नावानेच जाऊ द्या.