ओडिसीतल्या 'सायरन'ना मराठीत काय म्हणावं?

मुलीला होमरच्या 'ओडिसी' या प्राचीन ग्रीक महाकाव्यातली, ओडिसियस राजाच्या समुद्रप्रवासाची गोष्ट सांगत होते. खलाशांच्या कानांत मेण, तो स्वतः डोलकाठीला बांधलेला, इथवर छान रंगली. गाण्याने खलाशांना ओढून त्यांचा जीव घेणाऱ्या सायरन आल्या तेव्हा मी 'जलपऱ्या' म्हटलं. तिने लगेच विचारलं, "मग त्या पोहत गलबताजवळ का येत नाहीत?" नेमका शब्द कुणी सुचवेल का?

ताई, शंका अगदी रास्त आहे. होमरच्या सायरन पोहत नाहीत. त्या बेटावरच्या कुरणात बसून गातात आणि भोवती माणसांच्या हाडांचा ढीग असतो. दिसतात कशा, हे होमर सांगत नाही. पण ग्रीक चित्रकारांनी त्यांना बाईचं डोकं आणि पक्ष्याचं अंग दिलं. ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. 480च्या सुमाराचं एक मातीचं भांडं आहे. त्यावर ओडिसियस मान वर करून ऐकतोय, दोघी कड्यांवर आहेत आणि तिसरी डोळे मिटून खाली कोसळतेय. माशाची शेपटी त्यांना मध्ययुगात चिकटली. फ्रेंचमध्ये तर आज 'सिरेन' म्हणजे जलपरीच. तेव्हा 'जलपरी' नको.

मग 'किन्नरी' चालेल? अजिंठ्याच्या चित्रांतल्या किन्नरांचं अंग पक्ष्याचंच आहे.

रूप जुळतं, स्वभाव नाही. किन्नरी गाते, पण जीव घेत नाही. शिवाय 'किन्नर' शब्दाचा आजचा अर्थ वेगळा, वाचकाचा गोंधळ होईल. 'मोहिनी'ही मला पटत नाही. सायरन रूपाची भुरळ घालतच नाहीत. ट्रॉयच्या युद्धात काय घडलं आणि पृथ्वीवर काय काय घडतं ते सगळं आम्हाला ठाऊक आहे, असं त्या गातात. ओडिसियसला ओढ लागते ती या जाणतेपणाची. हे ज्या शब्दात हरवेल तो शब्द मी घेणार नाही.

पण नुसतं 'सायरन' म्हटलं की मुलांना अँब्युलन्स आठवते!

आठवू द्या, नातं खरंच आहे. 1819 मध्ये कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने आपल्या ध्वनियंत्राला हे नाव दिलं, कारण ते पाण्याखालीही वाजायचं. त्यातूनच पुढे भोंग्याला सायरन म्हणू लागले. मराठीत भोंग्याचा 'तो सायरन' वाजतो. गाणारीला 'ती सायरन' म्हणा. लिंगानेच अर्थ वेगळा होतो.

'ती सायरन' आवडलं. पहिल्या उल्लेखाला 'पक्ष्याच्या अंगाची गाणारी बाई' एवढं जोडते आणि आज रात्री गोष्ट पुन्हा कुरणापासून सांगते.