जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या जनसंपर्क अधिकाऱ्याने शिकायचे कोठे आणि विचारायचे कोणाला?

प्रश्न : सोलापूरची जनसंपर्क अधिकारी

नमस्कार. सोलापुरातील एका धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयात मी गेली सहा वर्षे जनसंपर्क अधिकारी आहे. मराठी घेऊन एम. ए. झाल्यावर दोन वर्षे एका दैनिकात उपसंपादक होते आणि तेथे लागलेली शिस्त एवढीच माझी या व्यवसायातील शिदोरी आहे. प्रेसनोट लिहिणे, शिबिरांची छायाचित्रे पाठवणे, पत्रकार परिषदेची निमंत्रणे देणे आणि दर तीन महिन्यांनी कात्रणांची फाइल विश्वस्तांसमोर ठेवणे ही कामे मला जमतात. विश्वस्त मात्र त्या कात्रणांची लांबी-रुंदी मोजून, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावून, माझ्या कामाची रुपयांत किंमत काढतात, आणि हा हिशेब चुकीचा आहे असे वाटत असूनही त्याला पर्याय काय, हे मला सांगता येत नाही.

गेल्या वर्षी एका रुग्णाचे नातेवाईक आणि कर्मचारी यांच्यातील बाचाबाचीची चित्रफीत व्हॉट्सअॅपवर फिरली. रुग्णालयाने काय बोलावे हे ठरेपर्यंत चार तास गेले. त्या दिवशी माझ्या लक्षात आले की फोनमध्ये शंभरावर पत्रकारांचे क्रमांक आहेत, पण ‘आता मी काय करू’ असे विचारावे असा एकही माणूस नाही. यादीतले सगळे जण मलाच प्रश्न विचारणारे होते. अशा परिस्थितीत एखाद्या व्यावसायिक संस्थेचे सभासदत्व घ्यावे, पदविका करावी, की आणखी काही? संस्था खर्च देईल अशी आशा नाही आणि पुण्या-मुंबईला वारंवार जाणे शक्य नाही.

प्रतिसाद १ : मुंबईतील निवृत्त जनसंपर्क व्यवस्थापक

आपण प्रश्न नेमका मांडला आहे. मी एका सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीत तीस वर्षे हेच काम केले आणि त्यातील निम्मे शिक्षण मला व्यावसायिक संस्थांच्या कार्यक्रमांत मिळाले, म्हणून त्यांच्या बाजूने बोलतो. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९५८ पासून आहे. तिची पहिली अखिल भारतीय परिषद २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत भरली, त्याच परिषदेत व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारण्यात आली, आणि त्या तारखेची आठवण म्हणून १९८६ पासून २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन पाळला जातो. मुंबई आणि पुणे येथे तिच्या शाखा आहेत. शुल्क भरण्यापूर्वी एक-दोन कार्यक्रमांना पाहुणे म्हणून बसण्याची परवानगी मागावी. आपण रुग्णालयाचे गृहपत्र, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियतकालिक, काढत असाल, तर असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स ऑफ इंडिया या संस्थेकडेही पाहावे. गृहपत्रांच्या संपादकांचा तेथे जुना राबता आहे आणि त्यांच्या स्पर्धांसाठी अंक पाठवायचा म्हटले तरी स्वतःच्या अंकाकडे परक्या नजरेने पाहण्याची सवय लागते.

पदविकेबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील किंवा मुंबईच्या झेवियर इन्स्टिट्यूटमधील शिक्षण उत्तमच, पण दोन वर्षे डेस्कवर आणि सहा वर्षे या पदावर काढलेल्या व्यक्तीने पुन्हा प्रेसनोटच्या धड्यापासून सुरुवात कशासाठी करावी? आपल्याला कमी पडते आहे ते मूल्यमापन. कात्रणाला जाहिरातीचा दर लावण्याची पद्धत जगभर होती. २०१० मध्ये बार्सिलोना येथे या क्षेत्रातील मोजमाप करणाऱ्यांनी जी तत्त्वे मान्य केली, त्यांत जाहिरातीची तुल्य किंमत म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. विश्वस्तांना तेवढे दाखवून भागणार नाही. पुढच्या बैठकीत फाइलबरोबर एक पान द्यावे. मोतीबिंदूच्या शिबिराची बातमी आल्यानंतरच्या आठवड्यात चौकशीचे किती फोन आले, नोंदणीच्या वेळी किती जणांनी ‘पेपरात वाचून आलो’ असे सांगितले, आणि त्यांतील किती जणांवर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया झाली, एवढेच त्या पानावर असावे. नोंदणी खिडकीवरील अर्जात एक रकाना वाढवला की ही माहिती फुकट मिळते.

प्रतिसाद २ : पूर्वाश्रमीचा वार्ताहर, आता पुण्यात सल्लागार

वरील ज्येष्ठांचा आदर राखून सांगतो, की सभासदत्वाने आपला प्रश्न सुटणार नाही. अनेक कार्यक्रमांत शाल, श्रीफळ आणि प्रास्ताविक यांतच दीड तास जातो आणि खरे बोलणे चहाच्या टेबलावर दहा मिनिटे होते. मग ती दहा मिनिटे सोलापुरातच का मिळवू नयेत? मध्य रेल्वेचे विभागीय कार्यालय आपल्या गावात आहे, महापालिका आहे, विद्यापीठ आहे, एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे, सहकारी बँका आणि साखर कारखाने तर विचारूच नका. यांतील बहुतेक ठिकाणी आपल्यासारखेच काम करणारे कोणी ना कोणी आहे आणि त्यालाही विचारायला माणूस नसणार. रेल्वेची गाडी रुळावरून घसरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे त्या माणसाने अनुभवाने शिकलेले असते. रुग्णालयाला त्यातून जे शिकता येईल, ते दुसऱ्या रुग्णालयाकडून कदाचित मिळणार नाही, कारण शेजारचे रुग्णालय आपले स्पर्धकही असते. महिन्यातून एकदा सहा जण भेटा. त्या बैठकीला ना नाव हवे, ना अध्यक्ष.

आपल्या जिल्ह्याला आणखी एक संधी आहे, जी मुंबईकरांना नाही. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात. त्या काळात जिल्हा प्रशासन, आरोग्य विभाग, पोलीस आणि जिल्हा माहिती कार्यालय यांना एकमेकांशी जुळवून घेत माहिती द्यावी लागते. आपले रुग्णालय वारीत आरोग्य शिबिर घेत असेल, तर केवळ छायाचित्र काढून परतू नका. जिल्हा माहिती कार्यालयाला आधी भेटा आणि आपल्या शिबिराची रोजची आकडेवारी ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या नमुन्यात देऊ, असे सांगा. तीन दिवस ती वेळ पाळलीत, तर पुढच्या वर्षी तेच कार्यालय आपणहून फोन करील. मी वार्ताहर असताना माझ्या लक्षात राहिलेले जनसंपर्क अधिकारी असे होते. पत्रकार दिनी, ६ जानेवारीला, पेनांचे संच घेऊन येणारे मात्र चेहऱ्यानिशी विसरलो.

थोडे पत्रकारांच्या बाजूनेही. प्रेसनोटचा फोटो काढून पाठवू नका, युनिकोडमधील मजकूर पाठवा, म्हणजे उपसंपादकाला तो पुन्हा टंकावा लागत नाही. छायाचित्राखाली डावीकडून उजवीकडे नावे द्या. आपण स्वतः डेस्कवर होतात, तेव्हा रात्री नऊला ‘आमची बातमी लावा ना’ असा फोन आल्यावर मनात काय येत असे, ते आठवा. जाहिरात विभागामार्फत बातमीचा आग्रह तर कधीही धरू नका. एकदा ते केले की संपादकीय विभागाच्या लेखी आपण जाहिरातदार होतो आणि अडचणीच्या दिवशी आपले म्हणणे ऐकून घेण्याची गरज त्यांना वाटत नाही.

प्रतिसाद ३ : नागपूर, रुग्णालय क्षेत्र

वरील दोघांनी न मांडलेला एक मुद्दा. आपल्या क्षेत्रात व्यावसायिक शिक्षणाचा मोठा भाग कायद्याचा आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचरणाबाबतचे २००२ चे विनियम रुग्णांना आकर्षित करण्यासाठी केलेली प्रसिद्धी अनैतिक मानतात आणि त्यांत डॉक्टरांबरोबर संस्थांचाही उल्लेख आहे. २०२३ मध्ये नवे विनियम आले होते, परंतु त्याच वर्षी ते स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. ओळख पटेल असे रुग्णाचे छायाचित्र प्रसिद्ध करायचे असेल, तर त्याची परवानगी लागते. ती लेखीच घ्यावी. ‘हमखास बरे करतो’ या थाटाची भाषा काही आजारांच्या औषधोपचारांबाबत १९५४ च्या जादूटोणासदृश उपायांच्या जाहिरातीविषयीच्या कायद्याच्या कक्षेत जाऊ शकते. आपल्या रुग्णालयाच्या विधी सल्लागाराबरोबर एक दुपार बसून हे समजून घ्यावे. कोणत्याही कार्यशाळेपेक्षा ती दुपार अधिक उपयोगी पडेल, असा माझा अनुभव आहे. आणि तो सहा जणांचा गट झालाच, तर रुग्णाचे नाव, तपासणीचा कागद किंवा चित्रफीत गटात कोणालाही दिली जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. नोंदणीच्या अर्जात रकाना वाढवण्यास आमच्या अधीक्षकांनी होकार दिला आहे. विद्यापीठ आणि एका सहकारी बँकेतील समव्यावसायिकांशी काल बोलले. दोघेही येत्या शनिवारी दुपारी चार वाजता भेटण्यास तयार आहेत आणि रेल्वेकडे विचारणा करण्याचे काम बँकेतील सरांनी स्वतःहून घेतले आहे. पुणे शाखेच्या कार्यक्रमाला वर्षातून एकदा जाण्याचेही ठरवले आहे, म्हणजे पहिल्या प्रतिसादातील सल्ला मी सोडून दिलेला नाही. एकच शंका उरते. अशा भेटीत आमच्या गेल्या वर्षीच्या प्रसंगाविषयी बोलावेच लागेल. त्याबाबत विश्वस्तांना आधी सांगावे, की हा माझा खासगी व्यावसायिक संवाद समजावा?

प्रतिसाद २ चे लेखक

आधी सांगा, आणि चार ओळींचे लेखी टिपण द्या : कोण भेटणार, विषय कोणता, रुग्णाविषयी काहीही बोलले जाणार नाही. प्रसंगाविषयी बोलताना फक्त आपल्याच चार तासांचा हिशेब मांडा, म्हणजे कोणाच्या होकारासाठी किती वेळ थांबावे लागले आणि तोपर्यंत दूरध्वनीवर आपण काय उत्तर देत होतात. शिकण्यासारखे तेवढ्यातच आहे, आणि ते टिपण वाचून एखादे विश्वस्त पुढच्या वेळी होकार द्यायला चार तास लावणार नाहीत, अशीही शक्यता आहे.