मदत हवी आहे: राउटरवरून मल्टिकास्ट दुसऱ्या नेटवर्कमध्ये जात नाही

नमस्कार. दादर येथील आमच्या वाचनालयात वरचे सभागृह आणि तळमजल्यावरची अभ्यासिका यांची नेटवर्क एकाच राउटरवर स्वतंत्र ठेवली असून, जिना चढू न शकणाऱ्या ज्येष्ठ सभासदांसाठी २३९.१०.१०.५ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक संगणकांना पाठवण्याच्या) पत्त्यावर सोडलेले व्याख्यानाचे प्रसारण सभागृहात नीट दिसते, अभ्यासिकेत मात्र पोहोचत नाही. टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकते याची मर्यादा) १ असलेली पॅकेट राउटर पुढे पाठवत नसल्याने तो मी १६ केला आहे. दोन्ही इंटरफेसवर पीआयएम स्पार्स मोड (मागणी असेल तिकडेच मल्टिकास्ट पाठवण्याची राउटरची पद्धत) चालू असून आरपी, म्हणजे स्रोत आणि श्रोते यांची गाठ घालून देणारा राउटर, तोच आहे. अभ्यासिकेकडून आलेला आयजीएमपी जॉइन (प्रसारणात सामील होण्याची विनंती) राउटरवर दिसतो, परंतु मल्टिकास्ट तक्त्यात स्रोताची नोंद होतच नाही. प्रसारण करणाऱ्या संगणकाला केबल आणि वायफाय अशा दोन जोडण्या आहेत. पॅकेटवर वायफायचा पत्ता लागून आरपीएफ तपासणीत (पॅकेट स्रोताच्या पत्त्याकडे जाणाऱ्या इंटरफेसवरूनच आले का, हे राउटर पाहतो ती तपासणी) ती टाकून दिली जात असतील का, आणि हे नेमके कसे तपासावे, कृपया सांगावे.