मदत हवी आहे : निवृत्त नवऱ्याला घराबाहेर कसं काढू?

नमस्कार मंडळी. आमचे हे गेल्या दिवाळीला निवृत्त झाले. उभं आयुष्य इथे सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा) म्हणून गेलं. माग कुठे अडलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. आता तेच कान माझ्या मिक्सरवर आणि कुकरवर! शिट्टी जरा उशिरा झाली की झाकण तपासायला हजर.

आराम करा म्हटलं तर दुपारी झोप लागत नाही, टीव्हीचा कंटाळा. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर झालं, पण देवळात रमणारा माणूस नाही हा. एसटीत ह्यांना पासष्टीनंतरचं अर्धं तिकीट, मला बायकांचं अर्धं, म्हणजे खर्चाची अडचण नाही. गुडघे मात्र कुरकुरतात.

नळदुर्गचा किल्ला डोक्यात आहे. बोरी नदीवरचा तो बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल, ती बांधणी ह्यांना तासन् तास बघाविशी वाटेल. पायऱ्या कितपत अवघड आहेत? तिथले नर-मादी धबधबे सुरू झाले की गर्दी उसळते म्हणे, मग पावसाच्या आधी जावं की नंतर? नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसणं आता नशिबाचाच भाग, पण काळवीट तरी दिसतात का? स्वतःची गाडी नसेल तर आत कसं फिरायचं?

अजून एक. मागाचं काम पोरांना शिकवायला जुन्या कारागिरांना बोलावतात अशी जागा शहरात कुणाला ठाऊक आहे का? पगार नको. वेळ तेवढी सकाळची असावी, आपल्या सोलापूरच्या दुपारच्या उन्हात मी ह्यांना पाठवणार नाही.