दहा नियम आणि गच्चीची किल्ली

(पुण्यातल्या एका सोसायटीचा ग्रुप, मे महिन्याची सुरुवात)

ए-१०१ काका: 🌹 शुभ सकाळ 🌹 सुखी जीवनाचे दहा नियम. १) पहाटे पाचला उठा. २) अर्धा तास ध्यान करा. ३) अपेक्षा सोडा. ४) रोज… (अधिक वाचा)

बी-२०३: काका, हे मागच्या आठवड्यात आलं होतं. तेव्हा बारा होते.

ए-१०१ काका: दोन मीच काढले. पटले नाहीत.

ए-४०४ ताई: मी पहिल्यावरच अडले. पाचला रोजच उठते. पाणी साडेपाचला जातं. ध्यान सगळं कुकरच्या शिट्ट्यांकडे.

बी-३०१ आजी: माझा एकच नियम. दुपारचा चहा निवू द्यायचा नाही. फोन बँकेचा असो नाहीतर लेकीचा, आधी चहा.

सी-२०२: मी घरूनच काम करतो. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून पायरी चोखत बसायचं. माइकही बंद, आवाज फार होतो 😂

सेक्रेटरी: रेषेच्या आत लावलेली गाडी बघणे हाही छोटा आनंद असतो म्हणे. मला तो कधीतरी मिळावा.

सी-५०१ आजोबा: या नियमांचं एक आहे. सगळे रोजचे. रोज हे करा, रोज ते करा. चौथ्या दिवशी राहून जातं आणि माणूस उगाच खट्टू होतो. मी वर्षातून दोनदाच येणारी गोष्ट सांगतो. १४ मेला दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावली. पाइपचा तुकडा सरळ उभा ठेवला तर ऊन नळीतून थेट जमिनीवर उतरतं, बाहेर सावलीची रेघसुद्धा राहत नाही. भूगोल शिकवत होतो तेव्हा पोरांना मैदानात उभं करायचो. स्वतःची सावली शोधत गोल गोल फिरायची. दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटी येते, पण तेव्हा आपल्याकडे ढग. म्हणजे खरी संधी हीच.

ए-४०४ ताई: बहीण नागपूरला आहे. तिकडेही १४लाच का?

सी-५०१ आजोबा: नाही. सूर्य सध्या उत्तरेकडे सरकतोय, दिवसाला साधारण पाव अंश. कोल्हापूरला आपल्याआधी आठवडाभर, नाशिकला २० मेच्या सुमारास, नागपूरला २६च्या. कर्कवृत्ताच्या पलीकडे, म्हणजे दिल्लीला वगैरे, कधीच नाही.

बी-२०३: दिल्लीला मिळत नाही आणि पुण्याला मिळतं! आजचा दिवस सार्थकी लागला.

ए-४०४ ताई: मग गच्चीवर जमू या ना. मुलांना सुट्टीच आहे.

सेक्रेटरी: गच्ची बंद आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव आहे. टाकीच्या झाकणाचं काम बाकी आहे.

बी-३०१ आजी: त्या झाकणावरून किती पावसाळे गेले? कुरडया वाळवायलाही जागा नाही. खिडकीच्या जाळीत काय वाळणार कप्पाळ.

सेक्रेटरी: आजी, कुरडयांचा विषय वेगळा घेऊ.

ए-१०१ काका: टाकीपाशी मी खुर्ची टाकून बसतो. एकही पोर तिकडे फिरकणार नाही.

सेक्रेटरी: लेखी द्या.

ए-१०१ काका: मग हे काय तोंडी आहे?

सेक्रेटरी: बरं. १२ ते १. किल्ली वॉचमनकडे, रजिस्टरमध्ये सही करून घ्यायची. लिफ्टनंतर एक जिना चढावा लागेल, ज्येष्ठांनी लक्षात ठेवा.

बी-३०१ आजी: जिना चढेन मी. उतरताना मात्र कुणीतरी हात द्या.

सी-२०२: मी आहे आजी. तेव्हा मीटिंग आहे, पण फोन खिशात ठेवून ऐकेन.

सी-५०१ आजोबा: वर सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, खाली बघायचं. मुलांना नीट सांगून आणा. चपला घालून या, कोबा तापलेला असतो. घरी प्लंबरने टाकलेला पाइपचा तुकडा असेल तर घेऊन या. ओळंबा असला तर उत्तमच.

बी-२०३: ताक माझ्याकडे. किती जण ते सांगा.

ए-४०४ ताई: आमचे चार.

ए-१०१ काका: ✋ एक. मुक्काम टाकीपाशी.

सेक्रेटरी: आमचे दोन. मीठ कमी, आलं चालेल.