मदत हवी आहे: हॅम रेडिओची परीक्षा पास झाले, आता प्रत्यक्ष शिकवणारं कोणी हवंय (सांगली-मिरज-कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत राहते, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, शाळेचं गाईड पथकही माझ्याकडे आहे. हॅमची (हौसेने स्वतःचं रेडिओ केंद्र चालवणाऱ्यांची) रिस्ट्रिक्टेड ग्रेडची, म्हणजे सुरुवातीच्या पातळीची, परीक्षा नुकतीच पास झाले. सरकारच्या सरल संचार पोर्टलवर परवान्यासाठी अर्ज केलाय आणि 'व्हीयू३'ने सुरू होणाऱ्या कॉल साइनची (हवेत वापरायच्या ओळख-नावाची) वाट बघतेय. नियम पाठ आहेत, क्यू कोड (रेडिओवरचे तीन अक्षरी संकेत) पाठ आहेत, तरंगलांबीची गणितं झटक्यात सुटतात. पण अँटेना स्वतः उभी केलेली नाही, एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना सेटशी किती जुळलीय ते दाखवणारा) फक्त फोटोत पाहिलाय. म्हणून हा धागा.

या वाटेला लागले ते २०१९ च्या महापुरामुळे. माझे भाऊ-वहिनी सांगलीतल्याच गावभागात राहतात. वीज गेली, मोबाइल बंद पडले, आणि ते दोघं कुठल्या मजल्यावर आहेत, पाणी किती चढलंय, काहीच कळेना. पुढे वाचायला लागले तेव्हा समजलं की २००१ च्या भूज भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची टीम हॅमच्याच मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होती. त्सुनामी आली आणि त्यांनी मोहीम थांबवून तिथून मुख्य भूमीशी निरोपांची ये-जा सुरू ठेवली. असं काम आपल्या कृष्णाकाठी करता येणारी माणसं हवीत, असं मला मनापासून वाटतं. निदान मी तरी त्यातली एक व्हावं.

व्हिडिओ भरपूर बघितले. पण सोल्डर नीट बसलं की नाही हे व्हिडिओ सांगत नाही. म्हणून विचारते: आमच्या भागात कोणी सक्रिय हॅम आहेत का? त्यांच्या शॅकवर (रेडिओच्या खोलीत) जाऊन बसायचं तर कसं विचारावं, काय अपेक्षा ठेवावी? आधी हँडी (हातात धरायचा छोटा सेट) घ्यावी की थेट एचएफकडे (लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हकडे) जावं? आणि माझ्या पथकातल्या मुलींना (वय १३-१४) यात कसं आणता येईल? परीक्षेला वयाची अट १२ आहे हे माहीत आहे, पण आधी त्यांना गोडी लागायला हवी.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद (पुण्याहून)

ताई, अभिनंदन. महिला हॅम आपल्याकडे अजून फार कमी आहेत, त्यामुळे तुमचं स्वागत होणारच.

माणसं शोधायची तर आधी तुमच्याबरोबर परीक्षेला कोण बसलं होतं ते आठवा. त्यातलं कोणी ना कोणी एखाद्या जुन्या हॅमच्या हाताखाली तयार झालेलं असतं. वालचंद कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात चौकशी करा. आणि गावात फिरताना मान वर करून चाला. गच्चीवर उंच पाइपला यागी (आडव्या दांड्यांची अँटेना) दिसली किंवा दोन झाडांमध्ये ताणलेली तार आणि तिच्या मधोमध खाली उतरणारी केबल दिसली, तर खुशाल बेल वाजवा. 'हॅमची परीक्षा पास झालेय' एवढं म्हटलंत की चहा नक्की मिळेल.

शॅकवर गेलात की "दाखवा" म्हणू नका, "मी करते, तुम्ही बघा" म्हणा. पहिलं काम मागून घ्या अँटेनाच्या केबलला पीएल-२५९ कनेक्टर जोडायचं. केबल सोलायच्या आधी कनेक्टरची बाहेरची रिंग केबलवर चढवून ठेवायची, नाहीतर सगळं सोल्डर झाल्यावर ती हातात उरते. मग केबलमधली तारांची जाळी कनेक्टरच्या भोकांमधून सोल्डर करायची. इथे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न चालत नाही. धातूचं अंग मोठं, ते तापायला वेळ लागतो, आणि तोवर आतलं प्लास्टिक वितळून मधली तार जाळीला टेकते. जाड टोकाचं ६० ते १०० वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि पटकन काम उरका. शेवटी मल्टिमीटर लावा: मधली पिन आणि बाहेरचं अंग यांच्यात बीप येता कामा नये. बीप आला तर कापायचं आणि पुन्हा करायचं. शेजारी बसलेला माणूस सोल्डरची चकाकी बघूनच सांगतो की हा जोड थंड राहिलाय.

त्यानंतर ४० मीटर बँडचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली ताणलेल्या तारेची अँटेना. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, तारेची लांबी मीटरमध्ये मिळते; ७.१ ला साधारण २० मीटर तार, म्हणजे दोन्ही बाजूंना १० - १० मीटर. सुरुवातीला थोडी जास्तच ठेवा. तार चढवायची, एसडब्ल्यूआर कुठे सर्वांत कमी येतो ते बघायचं. खालच्या फ्रिक्वेन्सीला आला तर तार लांब आहे. दोन्ही टोकं १० - १० सेंटीमीटर आत दुमडलीत की तो साधारण ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. दुमडा, कापू नका. दोन-तीनदा वर-खाली केलीत की जे कळतं ते पुस्तकातून कळत नाही.

कॉल साइन येईपर्यंत माईक दाबायचा नाही. पण ऐकायचं आणि लॉग (ऐकलेल्याची नोंदवही) लिहायचा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. नेटवर (हॅम मंडळींच्या ठरलेल्या वेळच्या रेडिओ-बैठकीत) कोण कुठल्या गावाहून बोलतंय ते लिहून ठेवलंत की तुमच्या आसपासची मंडळी आपोआप सापडतील. घरबसल्या ऐकायचं तर नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ रिसीव्हर) आहे. तिथे १४ मेगाहर्ट्झवर आपली भारतीय स्टेशनं युरोपात कशी पोचतात ते ऐका.

प्रतिसाद (डोंबिवलीहून)

वरच्या सगळ्याशी सहमत. फक्त मी म्हणेन, परवाना आल्यावर आधी २ मीटर बँडची हँडी घ्या. पूर आला की तुम्हाला सांगली ते मिरज बोलायचंय, युरोपशी नाही. रिपीटरचा (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा) ६०० किलोहर्ट्झचा शिफ्ट, म्हणजे ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक, आणि तो उघडणारा टोन कोणाकडून तरी समोर बसून सेट करून घ्या. परवाना हातात येण्याआधी ऑनलाइन स्वस्त मिळतो म्हणून सेट मागवू नका.

मुलींसाठी दोन गोष्टी. स्काऊट-गाईडचं 'जांबोरी ऑन द एअर' (रेडिओवरचा मेळावा) दर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी असतं. त्या वेळी एखाद्या हॅमला शाळेत सेट लावायला बोलवा. आणि फॉक्स हंट (लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा खेळ) ठेवा. एक छोटा ट्रान्समीटर लपवायचा, मुलींनी रिसीव्हर छातीशी धरून जागीच गोल फिरायचं. सिग्नल जिथे सर्वांत मंद होतो, तिथे ट्रान्समीटर बरोबर पाठीमागे असतो, कारण मध्ये आपलं शरीर येतं. परवानाधारक बरोबर हवेत, सेट त्यांचेच.

प्रतिसाद (हैदराबादहून)

सोल्डरिंगची भीती गेली की बिटएक्स हा घरी बांधायचा सेट बघा. अशर फरहान (कॉल साइन व्हीयू२ईएसई) यांचं डिझाइन, साध्या बाजारात मिळणाऱ्या भागांतून एसएसबीचा (एचएफवर बोलायच्या पद्धतीचा) सेट तयार होतो. मी माझा पहिला सेट असाच बांधला. इथल्या एका जुन्या हॅमने तीन संध्याकाळी माझ्या शेजारी बसून एकेका टप्प्यावर व्होल्टेज मोजायला लावलं. आज सेट बिघडला तर कुठून बघायला सुरुवात करायची हे मला ठाऊक आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी वालचंदला जाऊन येते. पीएल-२५९ आणि आरजी-५८ केबल पुण्याहून मागवतेय. जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळस्थानकातून बेंगळुरूच्या मुलांशी हॅम रेडिओवर बोलले, ती बातमी मी पथकाला वाचून दाखवली होती. तेव्हापासून मुली "आपण कधी?" असं विचारतायत. फॉक्स हंट दिवाळीच्या सुट्टीआधी करायचा विचार आहे.

एकच उरलं. तीस मीटर लांबीची मोकळी गच्ची आहे, पण एका टोकाला महावितरणची लाइन जवळून जाते. डायपोल तिच्याशी काटकोनात आणि लांब ठेवायचा एवढं कळतंय, तरी तार चढवताना अनुभवी माणूस समोर असल्याशिवाय मी हात लावणार नाही. मिरज-सांगलीतलं कोणी एखाद्या रविवारी सकाळी येऊ शकेल का? कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दोरी, पाइप आणि नाश्ता माझ्याकडे.